विण्यापूर्वीचे घरटे : गाभण सशाच्या मादीची तयारी आणि पाळणाऱ्याचे काम

ससे नव्याने पाळू लागलेल्या माणसाने सर्वांत आधी एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी, ती म्हणजे सशाची आई पिल्लांजवळ बसून राहत नाही. कुत्री किंवा मांजर व्यायल्यावर पिल्लांना कुशीत घेऊन तासन्‌तास पडून असते. सशाची मादी मात्र 24 तासांत बहुधा एकदाच, तेही तीन ते पाच मिनिटांपुरती घरट्यात शिरते, पिल्लांना पाजते आणि निघून जाते. उरलेला सगळा वेळ ही डोळे मिटलेली, कान बंद असलेली आणि अंगावर केस नसलेली पिल्ले एकटीच असतात. त्यांना ऊब देणे, त्यांना एकत्र ठेवणे आणि कोरडे ठेवणे ही सगळी कामे आईच्या अनुपस्थितीत घरट्यालाच करावी लागतात. म्हणूनच मादी विण्यापूर्वी जे घरटे रचते त्याच्यावर त्या वेताचे जगणे मोठ्या प्रमाणात अवलंबून असते, आणि ते रचण्यासाठी तिला योग्य जागा, योग्य सामान व योग्य वेळ मिळवून देणे हे पाळणाऱ्याचे खरे काम आहे. घरटे आपण बांधायचे नसते. ते मादीच बांधते, आणि तिला सामान मिळाले तर आपल्यापेक्षा कितीतरी चांगले बांधते.

मादीच्या या वागण्यात निष्काळजीपणा नाही. आपले पाळीव ससे ज्या जंगली सशांपासून आले ते जमिनीत बिळे करून राहणारे प्राणी आहेत. त्यांची मादी विण्यासाठी अनेकदा मुख्य बिळापासून दूर, एका तोंडाचे छोटे वेगळे बीळ खणते, त्यात गवत व स्वतःचे केस अंथरते आणि पिल्लांना पाजून बाहेर पडताना बिळाचे तोंड मातीने बुजवून टाकते. आई सारखी ये-जा करत राहिली तर शिकारी प्राण्याला घरट्याचा पत्ता लागण्याची भीती असते. पिंजऱ्यातल्या किंवा घरात फिरणाऱ्या मादीला माती आणि बीळ मिळत नाही, पण खणण्याची, गवत गोळा करण्याची आणि केस उपटण्याची प्रेरणा तिच्यात तशीच शाबूत असते. शेतात उघड्यावर, डोळे उघडी आणि अंगभर केस असलेली पिल्ले घालणारा रानससा हा वेगळा प्राणी आहे, त्यामुळे त्याच्याविषयी ऐकलेली माहिती येथे लागू करू नये.

आधी तारीख

घरट्याच्या तयारीची सुरुवात मिलनाची तारीख लिहून ठेवण्यापासून होते. सशाचा गर्भकाळ साधारणपणे 31 ते 32 दिवसांचा असतो. क्वचित मादी 29व्या किंवा 30व्या दिवशी विते, तर कधी 33वा दिवस उजाडतो. मिलनाचा दिवस शून्य धरून मोजावे. समजा मिलन 1 मार्चला झाले, तर 28वा दिवस 29 मार्चला येतो आणि विण्याची अपेक्षा 1 एप्रिलच्या आसपास ठेवावी लागते. ही तारीख पिंजऱ्यावर चिकटवून ठेवणे उत्तम, कारण पुढची जवळजवळ प्रत्येक कृती तिच्यावरूनच ठरते.

मादी खरोखर गाभण आहे की नाही हे 10व्या ते 14व्या दिवसांच्या दरम्यान पोट चाचपून कळू शकते, परंतु हे काम पशुवैद्याने किंवा सरावलेल्या हातानेच करावे. नवख्या बोटांचा दाब गर्भाला इजा करू शकतो. अंदाजावर राहून तयारी करून ठेवण्यात काहीच तोटा नाही. मादी गाभण नसली तर एक स्वच्छ पेटी आणि थोडे गवत शिल्लक राहील, इतकेच.

येथे खोट्या गर्भधारणेचा विचार करावा लागतो. सशाच्या मादीत बीजांडे ठरावीक चक्राने सुटत नाहीत, तर मिलनाच्या उत्तेजनेनंतर साधारण 10 तासांनी सुटतात. त्यामुळे फळ न धरलेल्या मिलनानंतर, किंवा एका मादीने दुसरीवर चढल्यानेसुद्धा, शरीर गाभणपणासारखे वागू लागते. ही अवस्था 16 ते 18 दिवस टिकते आणि तिच्या अखेरीस मादी अगदी खऱ्यासारखे गवत गोळा करते, केसही उपटते. म्हणून मिलनानंतर सतराव्या दिवसाच्या सुमारास मादी केस उपटताना दिसली, तर ती लवकर विणार असे न समजता बहुधा ती गाभणच नाही असे समजावे. तारीख माहीतच नसेल, उदाहरणार्थ नर-मादी एकत्र ठेवलेल्या ठिकाणाहून मादी नुकतीच आणली असेल, तर मात्र गवत तोंडात घेऊन फिरणाऱ्या मादीला त्याच क्षणी पेटी द्यावी. खोट्या लक्षणांसाठी पेटी दिल्याने नुकसान होत नाही, पण खऱ्या वेळी ती न दिल्याने पिल्ले उघड्या जाळीवर जन्मतात.

मादी घरटे कसे रचते

मादीच्या या कामात तीन टप्पे असतात, आणि ते एकामागून एक येतात कारण तिच्या रक्तातील संप्रेरके तशी बदलत जातात.

पहिला टप्पा खणण्याचा. गाभणपणाच्या उत्तरार्धात इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन ही दोन्ही संप्रेरके भरपूर असताना मादी खणू लागते. माती मिळाली तर ती माती उकरते, नाही मिळाली तर पिंजऱ्याचा कोपरा, सतरंजी, गादी किंवा घोंगडी पुढच्या पायांनी ओरबाडत राहते. घरात मोकळी फिरणारी मादी या दिवसांत सोफ्यामागे, पलंगाखाली, कपाटाच्या आडोशाला वारंवार जाऊ लागली, तर ती जागा शोधत आहे असे ओळखावे. तिला रागावू नये किंवा तेथून ओढून काढू नये. उलट ती कोणता कोपरा पुन्हा पुन्हा निवडते हे पाहून ठेवावे, कारण पुढे पेटी ठेवण्यासाठी बहुतेक वेळा तीच जागा सर्वांत योग्य ठरते. मऊ मातीने किंवा कागदाच्या कपट्यांनी भरलेले एखादे खोलगट पात्र दिले तर तिची खणण्याची गरज भागते आणि नखे जाळीत अडकून तुटण्याची शक्यता कमी होते.

दुसरा टप्पा गवत वाहण्याचा. विण्याची वेळ जवळ येते तसे प्रोजेस्टेरॉन उतरू लागते, खणणे मागे पडते आणि मादी गवताच्या काड्या गोळा करू लागते. हे दृश्य एकदा पाहिले की विसरता येत नाही. तोंडाच्या दोन्ही बाजूंना लांब मिशांसारख्या आडव्या काड्या धरून ती घाईघाईने फिरते, निवडलेल्या जागी काड्या टाकते, नाकाने व पंजाने त्या दाबते आणि पुन्हा नव्या काड्या आणायला जाते. खाण्यासाठी उचललेली काडी ती एका टोकाकडून चावत आत ओढते, तर घरट्यासाठी उचललेल्या काड्यांचा झुबका न चावता आडवा धरून ठेवते. नवख्याला हा फरक सहज दिसतो आणि तो ध्यानात ठेवण्यासारखा आहे. काही माद्या हे काम विण्याच्या दोन-तीन दिवस आधी सुरू करतात, तर काही जणी अखेरच्या काही तासांत सगळे उरकतात. दोन्ही प्रकार स्वाभाविक आहेत.

तिसरा टप्पा केसांचा. याच काळात प्रोलॅक्टिन वाढते, छाती, पोट आणि कुशीवरचे केस मुळाशी सैल होतात, आणि मादी ते तोंडाने उपटून गवताच्या खोबणीत अंथरते. केस सैल झालेले असल्यामुळे तिला जखम होत नाही. पोट उघडे पडलेले पाहून घाबरून मलम लावू नये, त्याची गरज नसते आणि त्या वासाचा पिल्लांना त्रासच होईल. या उपटण्याचे दोन उपयोग आहेत. एक तर घरट्याला अशी ऊबदार गादी मिळते की तिच्या तोडीचे दुसरे कोणतेही सामान आपण देऊ शकत नाही. दुसरे म्हणजे सडांभोवतालची जागा मोकळी होते आणि डोळे मिटलेल्या पिल्लांना सड पटकन सापडतात. पाजण्यासाठी दिवसाला चारच मिनिटे मिळत असताना ही सोय किती मोलाची आहे, हे वेगळे सांगायला नको.

पेटी कशी असावी

घरट्याच्या पेटीचा आकार मादीच्या आकारावर ठरतो. मादी आत शिरून जेमतेम वळू शकेल इतकी जागा पुरे. तीन ते पाच किलो वजनाच्या मादीसाठी साधारण 45 सेंमी लांब, 25 ते 30 सेंमी रुंद आणि 30 सेंमी उंच पेटी चालते. लहान जातीच्या मादीला 35 सेंमी लांबी आणि 20 ते 25 सेंमी रुंदी पुरते. मोठी पेटी म्हणजे चांगली पेटी, हा नवख्यांचा समज मी आग्रहाने दूर करू इच्छितो. ऐसपैस पेटीत पिल्ले विखुरतात आणि विखुरलेली पिल्ले गारठतात. शिवाय मादी अशा पेटीत विश्रांतीला बसू लागते, तेथेच लघवी करते आणि पिल्लांवर पाय देते.

प्रवेशाच्या बाजूला 12 ते 15 सेंमी उंचीचा उंबरठा ठेवणे अत्यावश्यक आहे. आई पाजून बाहेर उडी मारते तेव्हा एखादे पिल्लू सडाला चिकटून ओढले जाते, आणि उंबरठ्याला घासून ते आतच गळून पडण्याची शक्यता वाढते. सशाची मादी घरट्याबाहेर पडलेल्या पिल्लाला मांजरीप्रमाणे तोंडात धरून परत आणत नाही. बाहेर पडलेले पिल्लू बाहेरच राहते, आणि कोणाचे लक्ष गेले नाही तर थोड्याच वेळात थंडीने मरते. उंबरठ्याची ती कड कानशीने घासून गुळगुळीत करून घ्यावी, म्हणजे मादीच्या भरलेल्या सडांना ओरखडे जाणार नाहीत.

पेटीसाठी रंग न दिलेले लाकूड मला सर्वांत योग्य वाटते. ते ऊब धरते, ओल शोषते आणि मादीने कुरतडले तरी अपाय होत नाही. पत्र्याची पेटी धुवायला सोपी असते, पण थंड हवेत तिच्या भिंतींना आतून पाणी सुटते, म्हणून तळाशी पुठ्ठा घालावा लागतो. प्लायवूड वापरायचे असल्यास त्याच्या कडा झाकून घ्याव्यात, कारण त्यातील चिकटद्रव्य मादीच्या पोटात जाऊ नये. पेटी कोणतीही असो, तळाला बोटभर छिद्रे पाडून ठेवावीत म्हणजे ओल साचणार नाही. मागचा अर्धा भाग फळीने झाकलेला असला तर आत अंधार राहतो, जो मादीला आवडतो. उष्ण हवेत मात्र हीच फळी काढून टाकावी लागते. आधी वापरलेली पेटी गरम पाण्याने घासून, जंतुनाशकाने धुऊन, कडक उन्हात पूर्ण वाळवल्याशिवाय पुन्हा देऊ नये.

आत काय घालावे

तळाशी तीन ते पाच सेंमी जाडीचा रंध्याचा कोरडा भुसा पसरावा. अगदी बारीक धुळीसारखा भुसा टाळावा, कारण तो पिल्लांच्या नाकाडोळ्यांत जातो. देवदार आणि उग्र वासाच्या पाइनचा भुसाही नको, त्यातील तेलकट वायू कोवळ्या श्वसनमार्गाला त्रास देतात. भुशावर स्वच्छ, कोरडे, मऊ गवत किंवा पेंढा पेटी जवळजवळ भरेल इतका दाबून घालावा, आणि मागच्या बाजूला मुठीने एक खोबण करून ठेवावी. मादी हे सगळे उलथेपालथे करील. तसे करू द्यावे, आणि पुन्हा पुन्हा नीट लावायला जाऊ नये. याशिवाय पेटीबाहेर एक मोठा जुडगा गवत मोकळे ठेवावे. हे बाहेरचे गवत अनेकजण ठेवत नाहीत, आणि त्यामुळे मादीची गवत वाहण्याची ओढ भागत नाही. तिला स्वतः काड्या निवडून, वाहून न्यायच्या असतात, आणि ज्या मादीला हे करायला मिळते तिचे घरटे अधिक घट्ट व नीट बसते, असे माझे निरीक्षण आहे.

गवताला बुरशीचा वास येत असेल तर ते घरट्यातही नको आणि खाण्यातही नको. कापूस, लोकर, जुन्या कपड्यांच्या चिंध्या, दोरे हे सामान दिसायला मऊ असले तरी घालू नये. त्यांचे तंतू पिल्लांच्या पायांना, मानेला गुंडाळले जातात आणि पिल्लू वाढत जाते तसा फास आवळत जातो. अंगोरासारख्या लांब केसांच्या जातीत मादीच्या स्वतःच्या केसांनीही असेच होऊ शकते, त्यामुळे अशा मादीने उपटलेले केस बाहेर काढून कात्रीने आखूड कापून परत घालावेत.

पेटी केव्हा द्यावी

28व्या दिवशी. मादी त्याआधीच गवत वाहू लागली तर तेव्हाच द्यावी, अन्यथा थांबावे. फार लवकर दिलेली पेटी मादी शौचाची जागा म्हणून वापरू लागते, आणि एकदा ती सवय लागली की पिल्ले ओल्या, अमोनियाचा वास मारणाऱ्या अंथरुणावर जन्मतात. पेटी मादी लघवी करते त्या कोपऱ्यात न ठेवता, त्याच्या विरुद्ध कोपऱ्यात ठेवावी. तरीही तिने आत घाण केलीच, तर ओले सामान लगेच काढून नवे घालावे आणि पेटी दुसऱ्या कोपऱ्यात सरकवून पाहावी.

जागा शांत, अर्धवट अंधाराची आणि थेट वाऱ्यापासून सुरक्षित असावी. कुत्रा-मांजर नजरेसमोर फिरत असेल तर मादी अस्वस्थ होते, घरटे अर्धवट सोडते, आणि भेदरलेल्या मादीने पिल्लांना तुडवल्याची किंवा चावल्याची उदाहरणे घडतात. शेवटच्या आठवड्यात तिला विनाकारण उचलू नये, पिंजरा बदलू नये आणि पाहुण्यांना दाखवायला बाहेर काढू नये. तिला भरपूर वाळलेले गवत आणि अखंड स्वच्छ पाणी मिळायला हवे. खाद्यात अचानक बदल करू नये. विण्याच्या एक-दोन दिवस आधी तिची भूक थोडी मंदावते, ते स्वाभाविक आहे. परंतु तिने खाणे पूर्ण सोडले, विशेषतः ती लठ्ठ असेल तर, वाट न पाहता पशुवैद्याला दाखवावे, कारण या अवस्थेत शरीरातील चरबी वेगाने वापरली जाऊन जिवावर बेतणारा आजार होऊ शकतो.

नर सोबत असेल तर त्याला विण्यापूर्वीच वेगळे करावे. सशाची मादी व्यायल्यानंतर काही तासांतच पुन्हा फळू शकते. पहिल्या वेताला पाजत असतानाच दुसरे वेत पोटात वाढणे हा तिच्या शरीरावर मोठा भार असतो, आणि नको असलेल्या वेतांची साखळी बहुधा येथूनच सुरू होते. पुढे पिल्ले नकोच असतील तर नर-मादीच्या नसबंदीबद्दल पशुवैद्याशी याच टप्प्यावर बोलून ठेवावे.

विण्याचा दिवस

बहुतेक माद्या रात्री किंवा पहाटे वितात, आणि सगळे काम साधारण अर्ध्या तासात संपते. त्यामुळे अनेकदा आपल्याला सकाळी पेटीत केसांचा ढीग आणि त्याखाली हलणारी उब एवढेच दिसते. मादी प्रत्येक पिल्लू चाटून स्वच्छ करते, वार खाऊन टाकते, पिल्लांना पाजते आणि त्यांच्यावर केस ओढून बाहेर येते. या काळात शेजारी उभे राहून दिवा लावणे, मोबाइलने चित्रण करणे, हात घालून मोजणे यांपैकी काहीही करू नये. पाण्याचे भांडे भरलेले आहे एवढे पाहावे, कारण विताना मादीला फार तहान लागते.

ती जोर लावत असूनही अर्ध्या तासात काहीच बाहेर येत नसेल, रक्तस्राव थांबत नसेल, किंवा 33वा दिवस उलटूनही विण्याचे चिन्ह नसेल, तर पशुवैद्याकडे जाण्यात उशीर करू नये. घरगुती उपायांची ही वेळ नव्हे.

मादी बाहेर येऊन शांत झाली की काही तासांनी घरटे तपासावे. आईला माणसाच्या हाताचा वास आला की ती पिल्ले टाकून देते, हा समज पाळीव सशांच्या बाबतीत चुकीचा आहे, आणि या समजामुळे तपासणीच न केल्याने पिल्ले मरतात. मादीला आवडता चारा देऊन दुसरीकडे गुंतवावे, हात साबणाचा किंवा अत्तराचा वास राहणार नाही असे धुऊन, तिच्या गवतावर चोळून घ्यावेत आणि मग केस अलगद बाजूला करावेत. मेलेली पिल्ले, वारेचे तुकडे आणि रक्ताने भिजलेले गवत काढून टाकावे. जिवंत पिल्ले मोजून सगळी एकत्र खोबणीत ठेवावीत आणि वर पुन्हा केस पसरावेत. मध्यम जातीचे नवजात पिल्लू साधारण 50 ते 60 ग्रॅम वजनाचे असते. पोट भरलेले पिल्लू गोल, गुळगुळीत आणि स्वस्थ दिसते, आणि त्याच्या पातळ त्वचेतून आतल्या दुधाची पांढरी पट्टीसुद्धा दिसते. सुरकुतलेली त्वचा आणि आत गेलेले पोट ही उपाशी असल्याची खूण आहे.

घरटे नीट झाले नाही तर

पहिलटकर मादीच्या बाबतीत हे वारंवार घडते. तिने गवत रचले पण केस उपटलेच नाहीत, किंवा केस पिंजऱ्यात भलतीकडे उपटले आणि पिल्ले जाळीवर घातली. यात मादीचा दोष नाही. संप्रेरकांचे चढउतार पहिल्या खेपेला नेहमीच वेळेवर जुळून येत नाहीत, आणि पुढच्या वेतांत याच माद्या बहुधा चांगली घरटी करतात. म्हणून एका अपयशावरून तिला वाईट आई ठरवू नये.

केस भलतीकडे पडले असतील तर ते गोळा करून पेटीत आणावेत. उपटलेच नसतील तर मादीला मांडीवर घट्ट पण प्रेमाने धरून पोटावरचे आणि गळ्याखालच्या पोळीवरचे (लोंबत्या कातडीवरचे) सैल केस चिमटीने हलकेच काढावेत. त्या दिवसांत ते अगदी सहज हातात येतात. येत नसतील तर ओढू नयेत. आधीच्या एखाद्या निरोगी मादीच्या घरट्यातले स्वच्छ केस कागदी पिशवीत जपून ठेवलेले असतील तर ते अशा वेळी फार उपयोगी पडतात. काहीच नसेल तर बारीक कुस्करलेल्या मऊ गवताचा जाड थर द्यावा.

बाहेर सापडलेले, थंडगार आणि निश्चल झालेले पिल्लू मेलेच आहे असे लगेच ठरवू नये. त्याला तळहातांत धरून अंगाशी घ्यावे, किंवा डोके पाण्याबाहेर ठेवून शरीर कोमट, साधारण 38 ते 40 अंश सेल्सियस पाण्यात काही मिनिटे धरावे, मग पूर्ण कोरडे करावे. पुष्कळदा ते पुन्हा हालचाल करू लागते. गरम झाल्यावरच त्याला भावंडांत ठेवावे, आणि थंड पिल्लाच्या तोंडात दूध मुळीच घालू नये. घरट्याच्या आतले तापमान 30 अंशांच्या वर राहायला हवे, आणि ते बाहेरच्या दिव्यापेक्षा केस, गवत व एकमेकांना बिलगलेली पिल्ले यांनी राखलेले बरे. दिव्याच्या उष्णतेपासून पिल्लांना दूर सरकता येत नाही, आणि अंथरूण पेटण्याचा धोकाही असतो. कडाक्याची थंडी असेल तर पेटी घराच्या उबदार भागात ठेवून दिवसातून एकदा मादीजवळ न्यावी. उलट उन्हाळ्यात पिल्ले केसांवर येऊन, एकमेकांपासून दूर, लाल पडून पसरलेली दिसली, तर वरचे केस थोडे कमी करावेत. काढलेले केस फेकू नयेत, रात्री पुन्हा लागतील.

मादी दिवसभर घरट्याकडे फिरकत नाही म्हणून पिल्लांना बाटलीने दूध पाजायला घेणे, ही नवख्यांची सर्वांत घातक घाई आहे. पिल्लांची पोटे रोज पाहावीत. ती भरलेली असतील तर आई आपले काम करते आहे. सशाचे दूध स्निग्धांश आणि प्रथिनांनी इतके दाट असते की एकदाच पोटभर प्यायलेले पिल्लू दुसऱ्या दिवसापर्यंत राहू शकते. 24 तासांनंतरही पोटे रिकामीच असतील तर मादीला शांतपणे घरट्यावर उभे धरून पिल्लांना सडांपर्यंत पोचू द्यावे, आणि त्यानेही जमले नाही तर पशुवैद्याचा सल्ला घ्यावा. त्याच सुमारास व्यालेली दुसरी मादी असेल तर दोन-तीन दिवसांच्या आतली, जवळजवळ सारख्याच आकाराची पिल्ले तिच्या वेतात मिसळता येतात, आणि बाटलीपेक्षा हा मार्ग कितीतरी अधिक भरवशाचा आहे.

पुढचे तीन आठवडे

घरटे रोज एकदा, ठरावीक वेळी पाहावे. चौथ्या-पाचव्या दिवशी पिल्लांच्या अंगावर लव दिसू लागते आणि साधारण दहाव्या दिवशी डोळे उघडतात. बाराव्या दिवसापर्यंत एखाद्याचे डोळे चिकटलेलेच असतील तर उकळून कोमट केलेल्या पाण्यात भिजवलेल्या स्वच्छ कापडाने ते हलकेच पुसावेत, आणि पू दिसल्यास उपचार घ्यावेत. आई पाजायला आली की घरट्यात स्वतःच्या थोड्या लेंड्या टाकून जाते. पिल्ले त्या चघळतात आणि त्यातून आतड्यांना उपयुक्त सूक्ष्मजीव मिळतात. त्यामुळे प्रत्येक लेंडी वेचून काढण्याच्या मागे लागू नये, मात्र ओले झालेले अंथरूण राहू देऊ नये. दहाव्या-बाराव्या दिवशी खालचे मळलेले गवत व भुसा बदलून, स्वच्छ उरलेले केस परत घालावेत.

याच काळात मादीची कासही रोज पाहावी. ती गरम, कडक किंवा निळसर-लाल झाली असेल, मादी पिल्लांना जवळ येऊ देत नसेल, तर ते कासदाहाचे लक्षण आहे आणि त्यावर त्याच दिवशी उपचार व्हायला हवेत.

दोन आठवड्यांनंतर पिल्ले पेटीबाहेर डोकावू लागतात आणि गवताच्या काड्या चघळून पाहतात. तेव्हा पेटी आडवी करून ठेवावी किंवा उंबरठ्याजवळ एक पायरी द्यावी, म्हणजे बाहेर आलेल्या पिल्लाला स्वतःहून परत जाता येईल. 18व्या ते 21व्या दिवसांच्या दरम्यान, हवा फार थंड नसेल तर, पेटी काढून टाकावी. त्यापुढे ती ओल आणि घाण साठवण्यापलीकडे काही करत नाही. पिल्ले मात्र आईजवळच राहतील. दूध तोडण्याची घाई पाच-सहा आठवड्यांपूर्वी करू नये. काढलेली पेटी धुऊन उन्हात वाळवावी, आणि कोरडे, न मळलेले केस उरले असतील तर ते पुढच्या एखाद्या पहिलटकर मादीसाठी तारीख लिहून ठेवून द्यावेत.